रात्रीचं खाणं दुपारीच सुरू होतं

ताई, नाव छापू नका. अनगोळ एवढं लिहिलं तरी चालेल. वय 44. मालक उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, एक आठवडा सोडून एक आठवडा सेकंड पाळी. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला म्हणजे बारावीला, मुलगा आठवीत, सोबत सासूबाई. दोन वर्षांत माझं वजन 63 वरून 74 किलोवर गेलंय. सकाळी चहा-बटर, दुपारी जेवलेच तर अर्धी भाकरी. सोमवार, गुरुवार उपवास, शिवाय संकष्टी आणि एकादशी. दिवसभर तोंडावर ताबा असतो. पण रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून खात सुटते. गार भात-लोणचं, भडंग, मुलांची बिस्किटं, सापडेल ते. कुंद्याचा डबा तांदळाच्या पिंपामागं लपवून ठेवलाय, कुणाला माहीत नाही. पोट दुखेपर्यंत खाते, मग रडते, आणि दुसऱ्या दिवशी कडक उपवास धरते. पुण्याच्या भावानं पावलं मोजायचं घड्याळ दिलं म्हणून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जायला लागले. दहा हजार पावलं काही होईनात. त्यात सासूबाई म्हणाल्या, ‘फिरून काय मिळतंय गं, घरात काम काय कमी हाय?’ सोडून दिलं. हल्ली कशातच मन लागत नाही. शिलाई मशीन दिवाळीपासून झाकलेलं आहे, भजनाला जात नाही, पहाटे चारला जाग येते. माझं मन एवढं कमजोर का झालं? ते घट्ट करायला काय करू? उपवास वाढवू का?

– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

ताई, नमस्कार.

उपवास वाढवू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजपासून.

तुम्ही सगळा दोष मनाला दिलाय. मी पत्रातलं तुमचं दिवसभराचं जेवण आधी बघितलं. चहा-बटर आणि अर्धी भाकरी, तीही जेवलात तर. एवढ्यावर धुणं, दोन वेळचा स्वयंपाक, मुलांचे डबे, आणि सेकंड पाळी असली की रात्री साडेअकरानंतर पुन्हा तवा चुलीवर. शरीर दिवसभर उधारीवर चालतं आणि सगळं सामसूम झालं की थकबाकी मागायला उभं राहतं. मागताना ते सभ्यपणानं मागत नाही. त्याला पालेभाजी नको असते, पटकन अंगी लागेल असं काहीतरी हवं असतं: भात, बिस्किट, कुंदा. तुमच्या जागी कुठलीही धडधाकट बाई असती तरी ओट्यापाशी हेच झालं असतं.

बाईच कशाला, पुरुषांचंही हेच होतं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, 1944-45 साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. हे तरुण स्वतःहून पुढे आलेले होते. अर्धपोटी म्हणजे दिवसाला साधारण 1600 कॅलरी. उपाशी नव्हे, फक्त कमी. हळूहळू ते चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले. दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटं चाटायला लागले. प्रयोग संपून पोटभर जेवण मिळायला लागल्यावरही कित्येकांचं पोट भरून मन भरत नव्हतं. या तरुणांना चांगलं तपासून, धडधाकट शरीराचे आणि मनाचे म्हणून निवडलं होतं. तेव्हा आधी मन कमजोर आणि म्हणून खाणं सुटलं, असा क्रम लावायची घाई करू नका. क्रम उलटाही असतो.

दुसरा प्रयोग तर तुमच्या गुरुवारसाठीच केल्यासारखा आहे. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातल्या मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून समोर आइसक्रीम ठेवलं. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइसक्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं ना. ज्या सतत डाएटवर असायच्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइसक्रीम उलट जास्त खाल्लं. एकदा नियम मोडला की ‘आता मोडलाच आहे, तर खाऊन घे’ असं मन म्हणतं, आणि लगेच ‘उद्यापासून कडक’ अशी शपथही घेऊन टाकतं. उद्याच्या शपथेमुळेच आजची रात्र मोकाट सुटते. तुम्ही लिहिलंय तेच चक्र आहे हे. नियम जितका कडक, तितका तो मोडणार आणि मोडल्यावरचं खाणंही तितकंच मोठं.

आता उपवासांकडे येते. देवासाठी धरलेल्या उपवासाला हात लावायचा मला अधिकार नाही. पण रात्री खाल्लं म्हणून सकाळी धरलेला उपवास दत्ताचा नसतो, वजनकाट्याचा असतो. दोन्ही वेगळे करा. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि दोन एकादशा मिळून महिन्यातले अकरा-बारा दिवस होतात, आणि त्यावर हे प्रायश्चित्ताचे. पुढचे तीन महिने ज्यावर खरी श्रद्धा आहे असा एखादाच ठेवा. त्या दिवशीही पोट रिकामं ठेवायचं नाही: वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, दही, रताळं, केळं. प्रायश्चित्ताचा उपवास पूर्ण बंद. रात्री कितीही खाल्लं गेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करायचाच. सगळ्यात अवघड हेच जाणार आहे, कारण त्या सकाळी भूक नसते आणि लाज भरपूर असते. तरी खायचं.

ही माझी घरगुती अक्कल नव्हे. अनावर खाण्यावर जी मानसोपचार पद्धत सर्वात जास्त तपासली गेली आहे, तिच्यात ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी सुरुवातीलाच ठेवलेली पायरी वजन कमी करायची नाहीच. ती आहे वेळेवर खायची. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडंसं काही, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. तुमच्या घरात हे कसं बसेल? सकाळी बटरऐवजी एक भाकरी आणि शेंगाचटणी-दही, किंवा उपमा, किंवा नाचणीची आंबील आणि सोबत मूठभर फुटाणे. दुपारी एकच्या आत ताट वाढून घ्यायचं, खाली बसून: भाकरी, मसुराची नाहीतर मटकीची उसळ, भाजी, भात, ताक. अर्धी भाकरी नव्हे, पोटभर. पाच वाजता चहाबरोबर शेंगदाणे किंवा केळं. आणि आठ वाजता मुलांबरोबर रात्रीचं जेवण.

हो, मालकांच्या आधी. इथं तुमचा हात थबकणार हे मला माहीत आहे. आपल्याकडे बाई शेवटी जेवते. जेवायला बसते तेव्हा भांड्याच्या तळाशी जे राहिलं असेल ते तिचं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, सासूबाईंनी सोडलेला भात, ‘वाया कशाला’ म्हणून ओट्यापाशीच तोंडात. हे खाणं जेवणात धरलंच जात नाही. पोटातही नाही, मनातही नाही. ताट वाढून घेतलेलं नसलं की ‘जेवले’ असं आतून वाटतच नाही, मग रात्री मन जेवण शोधत फिरतं. मालकांना सरळ सांगा: ‘मी आठला जेवून घेते, तुम्ही आलात की गरम करून वाढते, शेजारी ताक घेऊन बसते.’ आठ तास भट्टीपाशी नाहीतर लेथपाशी उभं राहून आलेल्या माणसाला उपाशी बायको नको असते, जवळ बसलेली बायको पुरते. आणि उरलेल्या भाताचा दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात होतो.

कुंदा पिंपामागून काढा. टाकून देऊ नका. बेळगावात राहून कुंदा सोडायचा सल्ला देणारी मी कोण? संध्याकाळी पाचच्या चहाला, पोटात काहीतरी असताना, वाटीत दोन चमचे घ्या आणि सगळ्यांबरोबर बसून खा. मुलीलाही द्या. लपवलेला पदार्थ नेहमी उभ्यानं, घाईत आणि जास्त खाल्ला जातो, कारण ‘हे शेवटचंच’ असं प्रत्येक वेळी वाटत असतं. उघड्यावर ठेवलेल्या डब्याला ती घाई नसते. पहिले आठ-दहा दिवस जास्त खाल्लं जाईल. घाबरू नका.

झोपेबद्दल तुम्ही जाता-जाता एक ओळ लिहिली आहे. ती ओळ माझ्या मते सगळ्यात मोठी आहे. साडेअकराला वाढायचं, बाराला आवरायचं, मग तुमचं खाणं आणि रडणं, आणि पहाटे चारला जाग. म्हणजे झोप जेमतेम तीन तास. 2004 साली शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक 28 टक्क्यांनी चढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड आणि पिठूळ खाण्याची. दोनच रात्रींत. अभ्यास लहान आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे. सेकंड पाळीच्या आठवड्यात दुपारी अर्धा तास आडवं व्हा. ‘दिवसा कसली झोपते’ असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

आता फिरणं. दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी शोधलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्याबरोबर तो गोल आकडा जगभर पसरला. पुढं 2019 साली अमेरिकेतल्या हजारो वयस्क स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यात दिवसाला साधारण 4,400 पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा वाढीव फायदा दिसला नाही. तुमचं घड्याळ सहा हजार दाखवत होतं तेव्हाही तुम्हाला ‘नापास’ वाटत होतं ना? ते घड्याळ भावाला परत द्या म्हणत नाही, कपाटात ठेवा.

आणि चालायचं ते वजनासाठी नाहीच. रात्री खाल्लेलं जिरवायला सकाळी चालायला लागलं की चालणंही शिक्षा होऊन बसतं, आणि शिक्षा कोण आनंदानं भोगतो? चालायचं मनासाठी. 1999 साली ड्यूक विद्यापीठात पन्नाशी ओलांडलेल्या 156 उदास रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला आठवड्यातून तीनदा व्यायाम, एकाला नैराश्याची गोळी, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारलेले होते. गोळीचा गुण आधी आला, व्यायाम उशिरा पोचला, पण पोचला. (यावरून कुणी चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नये. अशी पत्रं मला येतात, म्हणून कंसात का होईना सांगते.) जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याच्याच जोडीला हेही सांगते, की काहीच न करण्यापेक्षा थोडंसं केलेलं बरं.

थोडंसं म्हणजे तुमच्यासाठी पंधरा मिनिटं. व्हॅक्सिन डेपोपर्यंत जायचंच असं नाही. झाडांची सावली छान आहे हे खरं, पण तिथं जाऊन यायला तासभर मोडतो आणि तासभर नाही म्हणून पंधरा मिनिटंही जातात. मुलगी क्लासला निघते तेव्हा तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जा आणि लांबच्या वाटेनं परत या. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या पावसात छत्रीही टिकत नाही, तेव्हा घरातल्या घरात जिना चढा-उतरा. एखादा दिवस चुकला तर चुकू दे. लंडनमध्ये 96 जणांवर सवयींचा अभ्यास झाला होता. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला थेट 254, आणि मध्ये एखादा दिवस बुडाल्यानं फारसा फरक पडला नाही. ‘एकवीस दिवसांत सवय’ वगैरे व्हॉट्सअॅपवर येतं, त्याच्या नादी लागू नका.

सासूबाईंना काय सांगायचं? ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ आपल्या घरांत या एका वाक्याला जेवढा मान आहे तेवढा सुनेच्या इच्छेला नाही, हे वाईट आहे, पण सध्या त्याचा उपयोग करून घ्या. खोटंही नाही, कारण डॉक्टरांकडे तुम्हाला जायचंच आहे. दोन वर्षांत अकरा किलो, थकवा, उदासी, तुटक झोप: याच्या मागे थायरॉइड असू शकतं, रक्त कमी असू शकतं, बी-12 कमी असू शकतं, साखर असू शकते, आणि 44 व्या वर्षी पाळी जायच्या आधीचे बदलही असू शकतात. घराजवळच्या डॉक्टरांकडे जाऊन या सगळ्या तपासण्या करून घ्या. ‘मन कमजोर’ असं म्हणत बसलेल्या बाईचं थायरॉइड बिघडलेलं निघणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

खाण्यानं मनाला काही होतं का, असंही तुमच्या मनात येत असेल. होतं. 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नैराश्याच्या 67 रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे आहाराचं मार्गदर्शन दिलं आणि निम्म्यांशी नुसत्या गप्पा मारल्या. डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे, मासे जास्त. बेकरीचं आणि गोड कमी. आहाराच्या गटातले 32 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटातले 8 टक्के. माणसं थोडी होती, एवढ्यावर डंका पिटायला नको. मला त्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: कुणालाही कमी खायला सांगितलं नव्हतं, आणि वजन जवळजवळ तेवढंच राहिलं. काट्यावर काही हललं नाही तरी मन हललं. म्हणून तीन महिने वजन करू नका. बदल बघायचाच असेल तर आठवड्यातून किती रात्री ओट्यापाशी गेलात एवढं कॅलेंडरवर टिंब काढून ठेवा.

मशीनवरचं कापड काढा. मन लागलं की शिवीन असं म्हणाल तर ते झाकलेलंच राहील. उदासीत आधी काम सुरू करावं लागतं, मन मागून येतं. उपचार करणारेही उदास माणसाला हेच करायला लावतात. ब्लाउज शिवायला घेऊ नका, उशीचा एक अभ्रा शिवा. भजनाला गेलात तर गाऊ नका, नुसत्या बसा.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने किंवा जास्त, ताबा सुटल्यासारखं, पोट दुखेपर्यंत, लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, याला 2013 पासून स्वतंत्र आजार म्हणून मान्यता आहे. त्याची भरपाई म्हणून उपाशी राहणं हेही डॉक्टर मुद्दाम विचारतात, कारण त्यावरून आजाराचं नाव आणि उपचार बदलतात. तुम्हाला तो आहे की नाही हे पत्रावरून मी सांगणार नाही. पण पंधरा दिवसांहून जास्त कशातच मन लागत नसेल आणि पहाटे जाग येत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं, आणि तुमचं तर दिवाळीपासून चाललंय. आपल्या जिल्हा रुग्णालयात, बिम्समध्ये, मनोविकार विभाग आहे. मोठं केंद्र हवं असेल तर धारवाडचं डिम्हान्स आहे. केसपेपर कन्नडमध्ये असेल, फलक कन्नडमध्ये असतील, त्यानं बिचकू नका. बोलायला बसलात की मराठीत बोलू का असं आधीच विचारा. बेळगावातल्या पुष्कळ डॉक्टरांना मराठी कळतं. रात्री ओट्यापाशी काय होतं हे ज्या भाषेत रडता त्याच भाषेत सांगता यायला हवं. नाहीच जमलं तर मुलीला नको, एखाद्या मैत्रिणीला सोबत न्या. मुलीसमोर तुम्ही अर्धंच सांगाल.

तिकडे जाईपर्यंत 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, आणि फोन लागल्यावर भाषा निवडता येते. जगण्याचा कंटाळा आलाय, आपण नसलेलंच बरं, असं काही मनात येत असेल (पत्रात तसं लिहिलेलं नाही, तरी विचारते), तर तपासण्यांची आणि सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच रात्री हा नंबर लावा आणि मालकांना उठवा.